जुनं सोनं मोडायच्या आधी दोनशे रुपयांची टेस्ट: हॉलमार्किंग सेंटरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. घरातलं जुनं सोनं मोडायचं असेल, बदलून नवं करायचं असेल किंवा नुसतं हे नक्की किती कॅरेटचं आहे एवढंच कळून घ्यायचं असेल, तर सराफाच्या गादीवर बसायच्या आधी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मान्यता असलेलं हॉलमार्किंग सेंटर, म्हणजे सोनं तपासून शुद्धतेचा शिक्का मारणारं केंद्र, गाठा. चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये आणि वर टॅक्स, पाच किंवा जास्त नग असतील तर नगाला ४५ रुपये. आजच्या सोन्याच्या भावात हा पैसा म्हणजे काहीच नाही. कामाला पाचपैकी साडेचार स्टार, माणसांशी वागण्याला दोन. सेंटरचं नाव टाकत नाहीये, कारण पद्धत आणि दर वरूनच ठरवून दिलेत, तुमच्या जिल्ह्यातलं कुठलं आहे ते बीआयएसच्या साइटवरच्या यादीत मिळेल.

झालं असं की नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं आणि सासूबाईंनी जाहीर केलं की माझ्या पाटल्या मोडून तिला हार करायचा. पाटल्या पेचाच्या, त्यांच्या लग्नातल्या, बिल वगैरे असायचा प्रश्नच नाही, त्या काळी पावती म्हणजे गुलाबी कागदावर वजन आणि "चोख" एवढंच लिहिलेलं असायचं आणि तो कागदही कधीच गेला. सोबत एक बोरमाळ, ठुशी आणि एक चेन. सराफ ओळखीचा, म्हणजे सासरे असल्यापासूनचा. त्यानं पाटली काळ्या दगडावर घासली, रेघेवर ॲसिडचा थेंब टाकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "मावशी, चौऱ्याऐंशी टंच निघतंय." टंच म्हणजे शंभरात चोख सोनं किती ते. सासूबाई म्हणाल्या, "अहो शेठ, तुमच्याच वडिलांकडून घेतल्यात त्या." यावर तो हसला आणि म्हणाला तेव्हाचे कारागीर असंच करायचे मावशी, आता तर मशीन आहे, मशीन काय खोटं बोलतंय का? मग आत नेऊन मशीनवर ठेवलं, स्क्रीनवर खरंच ८४ च्या आसपासचा आकडा आला, आणि सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता हिशोब बघा. पाटल्या चार तोळ्यांच्या धरा, हल्लीचा तोळा म्हणजे १० ग्रॅम (जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, जुन्या माणसांशी बोलताना हा घोळ आधी मिटवून घ्या नाहीतर घरातच भांडण). २२ कॅरेटचं सोनं साधारण ९१ टंचाचं, तर ४० ग्रॅमवर ९१ आणि ८४ यातला फरक सात टक्के, म्हणजे २.८ ग्रॅम चोख सोनं. एवढं सोनं एका वाक्यात हवेत गेलं. त्यावर घट (गाळताना कमी होतं म्हणून सराफ कापतो ती) वेगळी आणि नव्या दागिन्याची मजुरी वेगळी. मी म्हटलं शेठ, विचार करून सांगतो, आणि सासूबाईंना जवळजवळ ओढून बाहेर काढलं. त्यांना ओळखीच्या माणसासमोर असं उठून यायचं प्रचंड अवघड वाटत होतं, रस्ताभर मला बोलल्या.

सेंटर सापडायला वेळ लागतो हे आधीच सांगून ठेवते. बोर्ड छोटा, सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत, अरुंद जिना, वर लोखंडी ग्रिलचं दार आणि आतून बेल वाजवल्यावर उघडणार. सोन्याचं काम आहे म्हटल्यावर ग्रिल आणि कॅमेरे समजू शकते, पण सत्तरीच्या बाईला बसायला एक खुर्ची नाही हे काही समजू शकत नाही. काउंटरवर सगळी दुकानांची पोरं, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत शेकड्यानं अंगठ्या नाहीतर मंगळसूत्राच्या वाट्या, त्यांचं कामच हे. आपण आपली चार डाग घेऊन उभे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, दुकानातर्फे आलाय का?" नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला दोन स्टार दिलेत. "प्रायव्हेट पार्टीचं दुपारनंतर बघू." ग्राहकाची टेस्ट करायची सोय त्यांना ठेवावीच लागते, उपकार नाहीत हे, पण पन्नास नगांचं गिऱ्हाईक समोर असताना चार नगांकडे कोण बघणार. मी तिथेच भिंतीवर लावलेला दराचा तक्ता मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, मग मात्र फॉर्म आला. टीप म्हणून घ्या.

फॉर्म भरला, प्रत्येक नगाचं आपल्यासमोर वजन झालं आणि ते पावतीवर लिहून मिळालं. हे अजिबात सोडू नका, वजन लिहिल्याशिवाय डाग हातातून द्यायचा नाही. काट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का होता का, हो, होता, आणि पंखा बंद करून, काट्याची काचेची झडप लावून वजन केलं. ही एक गोष्ट मला फार आवडली कारण आमच्या शेठकडे काटा पंख्याखाली आणि शेवटचा आकडा सारखा नाचत असतो.

आता खरी टेस्ट. पहिली एक्सआरएफ, म्हणजे तेच ते मशीन जे हल्ली मोठ्या दुकानातही असतं. डाग आत ठेवायचा, खालून क्ष-किरणांचा बारीक झोत पडतो, धातू त्याला उत्तर म्हणून आपापले किरण सोडतो, मशीन ते मोजून सांगतं की सोनं इतकं, चांदी इतकी, तांबं इतकं, जस्त इतकं. डागाला ओरखडासुद्धा येत नाही आणि काम मिनिटा-दोन मिनिटात. इथे मी मुद्दाम बघत उभी राहिले. मशीनच्या आत कॅमेरा असतो आणि स्क्रीनवर त्या झोताची जागा छोट्या फुलीनं दिसते. तिथल्या मुलानं पहिली फुली पाटलीच्या अंगावर घेतली, साधारण ९१.५. मग दुसऱ्या बाजूला, जवळजवळ तेवढंच. आतल्या बाजूला, तेवढंच. आणि मग फुली सरकवत पेचाच्या जोडावर नेली, जिथे झाळलेलं असतं, आणि आकडा धाडकन ८४ वर.

मी त्याला म्हटलं परत दाखव. त्यानं परत दाखवलं. म्हणाला, "ताई, जोडावर नेहमी कमीच दाखवणार, झाळायचं सोनं लवकर वितळायला पाहिजे ना, मग त्यात भेसळ जास्त घालतात. तुम्हाला कुणी जोडावर लावून दाखवलं का?" मी काही बोलले नाही. सासूबाई बोलल्या, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणजे मशीन खोटं बोलत नाही हे शेठचं वाक्य शंभर टक्के खरं. फक्त त्याला विचारायचं कुठे, हे माणूस ठरवतो. हा रिव्ह्यू वाचून एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी माझं टायपिंग वसूल: दुकानात मशीनवर आकडा दाखवतील तेव्हा स्क्रीन आपल्याकडे फिरवायला सांगा, फुली कुठे आहे ते बघा आणि निदान तीन-चार जागी लावायला सांगा. कोणी नाही म्हणाला तर उठा.

दुसऱ्या बाजूनंही सांगायला हवं, नाहीतर सराफ लोक कॉमेंटमध्ये येतील. जोड हा पाटलीचाच भाग आहे, गाळल्यावर तो त्याच मुशीत वितळणार, त्यामुळे सगळ्याची सरासरी ९१.५ च्या थोडी खालीच येणार, ते बरोबरच आहे. पण थोडी. अख्खी पाटली जोडाच्या भावानं घ्यायची हे कुठल्या गणितात बसतं?

एक्सआरएफची दुसरी गोम अशी की ते फक्त वरचा थर बघतं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीचा. आत काय आहे त्याला माहीत नाही. जाड मुलामा असेल तर मुलाम्याचा आकडा येतो. अगदी मुलामा नसला तरी कारागीर दागिना उजळायला ॲसिडमध्ये बुडवतात तेव्हा वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभागावर सोन्याचं प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून खरा शेवटचा निकाल आगीतला, त्या टेस्टला "फायर ॲसे" म्हणतात. हॉलमार्क देतानाही मशीनवर चाळणी लावून मग नमुन्याचा निकाल आगीतच लावतात, भारतीय मानकात त्याची पद्धत ठरवून दिलेली आहे, आणि शुद्धतेत खाली एक कणभरही सूट नाही. ९१६ (हजारात ९१६ भाग सोनं) म्हणजे ९१६, ९१५ चालत नाही.

ही टेस्ट प्रत्यक्ष बघायला मिळणं हे माझं नशीब, कारण दुपारची वेळ, गर्दी ओसरलेली आणि भट्टीवरचे काका निघाले विट्याकडचे. आपल्याकडे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, विटा, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, दूरदूरच्या राज्यांत कुठल्याही सराफ बाजारात जा, भट्टीवर आपला मराठी माणूस भेटायची दाट शक्यता. सासूबाईंचं माहेर त्याच पट्ट्यातलं. मग काय, गाव, गल्ली, पाहुणे निघाले आणि आम्हाला आत काचेजवळ उभं राहायला जागा आणि सासूबाईंना अखेर खुर्ची मिळाली. वागणुकीचे दोन स्टार आहेत ते या काकांमुळे, नाहीतर एक होता.

तर होतं असं. पाटलीच्या आतल्या बाजूनं अगदी थोडं सोनं खरवडून घेतात, आधी आपली सही घेऊन. ते मिलिग्रॅमच्याही अंशापर्यंत मोजतात, मग त्यात साधारण अडीचपट चांदी घालतात आणि सगळं शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून त्याची गोळी करतात. छोट्या वाटीसारखं भांडं असतं, सच्छिद्र, त्यात ती गोळी ठेवून हजार अंशाच्या वरच्या भट्टीत. शिसं वितळतं, हवेनं त्याची राख होते, तांबं-जस्त असली हलकी मंडळी त्या राखेबरोबर भांड्याच्या भिंतीत शोषली जातात आणि तळाला चकचकीत मणी उरतो, त्यात फक्त सोनं आणि चांदी. तो मणी ठोकून चपटा करायचा, रोलरमधून काढून पट्टी करायची, पट्टीची सुरळी वळायची आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायची. चांदी विरघळून जाते, सोनं राहतं. पण राहतं ते सोन्यासारखं दिसत नाही! तपकिरी, मातकट, हात लावला तर मोडेल असं, सासूबाई म्हणाल्या हे काय जळकं दाखवतोस बाबा. काकांनी ती सुरळी परत तापवली आणि बघता बघता पिवळी झाली. मग वजन. सुरुवातीचं वजन आणि हे वजन, भागाकार केला की झाली शुद्धता. चांदी आधी एवढी का घालायची हे मी विचारलं, तर म्हणाले सोनं जास्त असेल तर ॲसिड आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही, वाट करून द्यावी लागते.

आमचा आकडा आला ९०.९. म्हणजे मशीनच्या ९१.५ पेक्षा कमी आणि शेठच्या ८४ पेक्षा कितीतरी जास्त. पक्के २२ कॅरेट म्हणजे ९१६, त्याला ते पोचत नाही, ते त्या काळच्या हाताच्या कामाला धरून आहे असं काका म्हणाले. सासूबाईंना ०.७ ची सल राहिली ते वेगळं, माझ्या मते लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं चालायचंच.

आग मोठी का मशीन मोठं असं मात्र नाही. मधे बाजारात सोन्यात इरिडियम, रुथेनियमची पावडर मिसळायचे प्रकार चालायचे, हे धातू ना शिशाबरोबर जात ना नायट्रिक ॲसिडला दाद देत, त्यामुळे आगीच्या टेस्टमध्ये ते सोन्याच्या वजनात बसून जातात. मशीनला मात्र ते लगेच वेगळे दिसतात. उलट आतला गाभा खोटा असेल तर मशीन फसतं आणि आग पकडते. म्हणून दोन्ही. आणि यूट्यूबवरच्या घरगुती टेस्ट, त्या सरळ विसरा. लोहचुंबक लावून बघतात, अहो तांबं, चांदी, पितळ यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही, मग कळणार काय? व्हिनेगरचंही तेच. पाण्यात बुडवून घनता काढायची टेस्ट त्यातल्या त्यात बरी, चोख सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, २२ कॅरेटचं १७ ते १८ च्या मधे कुठेतरी, पण टंगस्टनची घनता जवळजवळ सोन्याएवढीच असल्यामुळे बिस्किटात टंगस्टन भरलं तर पाण्याला पत्ता लागत नाही. आणि पोकळ, लाख भरलेल्या दागिन्याला तर ही टेस्ट अजिबातच चालत नाही.

लाखेवरून बोरमाळ. आपले पारंपरिक दागिने, बोरमाळ, ठुशी, काही साजातले डाग, आतून लाखेचे असतात. सेंटरच्या मशीननं बोरमाळेचे मणी छान दाखवले, ९० च्या वर. पण रिपोर्टवर जे वजन लागतं ते लाख, दोरा, गोंड्यासकट. शुद्धता कळली पण सोनं नक्की किती हे लाख काढल्याशिवाय कळणार नाही आणि लाख काढायची म्हणजे माळ मोडायची. इथे सेंटरचा उपयोग अर्धाच आहे, अपेक्षा ठेवून जाऊ नका. मंगळसूत्र न्यायचं असेल तर काळे मणी ओवलेलं तसंच नेऊ नका, वाट्या सुट्या करून न्या. आणि कुंदन, पोलकी, जडाऊ असल्या कामाला हॉलमार्कची सक्ती मुळातच नाही, तशीच दोन ग्रॅमच्या आतल्या डागांनाही नाही, त्यामुळे नथीवर शिक्का नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, नथ बहुतेक वेळा तेवढी भरतच नाही.

रिपोर्ट मिळाला तो एका पानाचा. नग, वजन, शुद्धता, टेस्टची पद्धत, सही-शिक्का. सगळं इंग्रजीत, सासूबाईंना मलाच वाचून दाखवावं लागलं. एवढी सगळी मेहनत घेऊन मराठीत चार ओळी द्यायला काय हरकत आहे कळत नाही, येणारा ग्राहक कोण आहे ते बघा की. अजून एक, हा रिपोर्ट म्हणजे हॉलमार्क नव्हे. जुन्या डागावर हॉलमार्कचा शिक्का मारून हवा असेल तर तो बीआयएसकडे नोंदणी असलेल्या सराफामार्फतच पाठवावा लागतो, आपण थेट काउंटरवर देऊन शिक्का मारून मिळत नाही. काउंटरवरच्या मुलानं हे पैसे घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं, मला माहीत होतं म्हणून ठीक, पण माझ्या मागच्या माणसाचा चेहरा पडला ना.

आणि जुनं सोनं शिक्का नाही म्हणून विकताच येत नाही अशी भीती व्हॉट्सॲपवर फिरत असते, तसं काही नाही. सक्ती दुकानदारानं विकताना आहे, तुमच्या कपाटातल्या सोन्यावर नाही. सराफ ते घेऊ शकतो. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्ती सुरू झाली, पुढे जिल्हे वाढत गेले, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी कोड (प्रत्येक दागिन्याचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक) नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानात विकायलाच बंदी आली. २०२१ च्या आधीच्या दागिन्यांवर चार खुणा दिसतील, त्यात सेंटरची आणि सराफाची खूण असायची, आता तीनच: बीआयएसचा त्रिकोण, २२ के ९१६ असा शुद्धतेचा आकडा आणि तो कोड. जुन्या चार खुणांचा दागिना तुमच्याकडे असेल तर तोही चालतो.

आता नवीन घेताना. रिपोर्ट घेऊन आम्ही परत शेठकडे गेलो नाही, सासूबाईच नको म्हणाल्या, त्यांना त्याच्या तोंडावर कागद आपटायचा नव्हता. दुसऱ्या दुकानात गेलो, कागद काउंटरवर ठेवला आणि बोलणीच वेगळ्या सुरात सुरू झाली. "आमच्या मशीनवर एकदा बघू" म्हणाले, बघितलं, अंगावर आणि जोडावर दोन्हीकडे, आणि ९० नं धरायला तयार झाले. घट किती लावणार हे तोंडी नाही, कागदावर लिहून घेतलं. याच्यासाठी कुठलंच मानक नाही, हीच माझी या सगळ्या व्यवस्थेवरची मोठी तक्रार आहे. शुद्धतेवर सरकारचं बारीक लक्ष, दशांशापर्यंत, आणि घट, मजुरी, बायबॅक यात ज्याला जे वाटेल ते. शंभर टक्के एक्स्चेंज म्हणून जाहिरात करतात आणि मजुरी बावीस टक्के लावतात, मग शंभर टक्के कशाचे दिले ते तुम्हीच शोधा.

नवीन हारावरचा कोड वाचायला भिंग मागितलं. दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग ग्राहकासाठी ठेवायलाच लागतं, पण तिथल्या मुलीला ते तीन ड्रॉवर उघडून शोधावं लागलं, म्हणजे कुणी मागतच नाही. मागा. लेझरनं कोरलेला कोड नुसत्या डोळ्यांना ओरखड्यासारखा दिसतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, आधी काहीच येईना, मुलगी म्हणाली सर्व्हर डाऊन असेल मॅडम. भिंगातून परत बघितलं तर जो आठ वाटत होता तो बी होता. मग आलं सगळं: सराफाचा नोंदणी क्रमांक, कुठल्या सेंटरनं तपासलं, तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार. प्रकार जरूर जुळवून बघा, हातात हार आणि ॲपमध्ये अंगठी असेल तर कोड खरा पण दागिना दुसराच. ॲपला चार स्टार, एक कापला कारण मी बघितलं तेव्हा त्यात दागिन्याचं वजन दिसत नव्हतं, ते असतं तर कॉपी मारणाऱ्यांची पंचाईत झाली असती. हेच ॲप कुकर, हेल्मेटवरचा आयएसआयचा नंबर तपासायलाही चालतं, डाऊनलोड करून ठेवायला हरकत नाही.

बिलावर काय बघायचं: प्रत्येक नगाचं नाव, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धतेचा आकडा, आणि हॉलमार्किंगचे पैसे वेगळे दाखवलेले. ते नगाला ४५ रुपये अधिक जीएसटी, दागिना एक ग्रॅमचा असो नाहीतर पन्नास ग्रॅमचा. कुणी "हॉलमार्कचं आहे म्हणून ग्रॅमला इतके जास्त" म्हणालं तर तो तुम्हाला गंडवतोय. "केडीएम आहे मॅडम, हॉलमार्कच समजा" असंही अजून ऐकायला मिळतं. केडीएम म्हणजे झाळताना कॅडमियम वापरलेलं, ते कारागिराच्या फुप्फुसांना घातक म्हणून बंद केलेलं आहे, हॉलमार्कशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि समजा हॉलमार्क असूनही माल कमी भरला तर? २०१८ च्या बीआयएसच्या नियमांत भरपाई आहे, शुद्धतेत जेवढी तूट निघाली तिच्या किमतीच्या दुप्पट आणि टेस्टिंगचा खर्च. म्हणजे १० ग्रॅमचा डाग ९१६ म्हणून विकला आणि निघाला ८३३, तर तूट ०.८३ ग्रॅमची, भरपाई त्याच्या दुप्पट किमतीची. त्यासाठी पक्कं बिल पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर जीएसटी वाचवलात तर मग ओरडायला जागा नाही.

सेंटरला जाणार असाल तर दुपारी तीनच्या सुमाराला जा, सकाळी दुकानांची गर्दी असते. ओळखपत्र न्या, वयस्कर माणूस सोबत असेल तर जिन्याचं आधी फोन करून विचारा. कुठली टेस्ट होणार, फक्त मशीन का आगही, आणि त्याचे किती, हे पावती फाडायच्या आधी स्पष्ट करून घ्या. खरवडायला परवानगी देताना आतली बाजू सांगा. टेस्टनंतर परत वजन करून घ्या आणि खरवडलेल्याइतकाच फरक आहे ना बघा, आमचा तेवढाच होता. ठुशीचं काम बारीक असल्यामुळे ती आम्ही नुसती मशीनवर बघितली, ८९ च्या आसपास आली, ती मोडायची नाही असं ठरलंय, निदान सासूबाई आहेत तोवर.